दहापैकी सात वेळा

दहा वेळा चटणी वाटली, सात वेळा मिक्सरचं झाकण उडालं. रसायनशास्त्र शिकलेल्या शाल्मलीने तेवढंच लिहिलं आणि ग्राहकांच्या अभिप्रायांचे पैसे देणाऱ्या तीन संकेतस्थळांना पाठवलं.

पाच तारे दिल्यास पहिलं दुप्पट पैसे देणार होतं. दुसऱ्याला झाकणाचा उल्लेखच नको होता. तिसरं जसंच्या तसं छापणार होतं, पण निम्म्या पैशांत.

"दे की पाच तारे! नोकरी लागेपर्यंत तेवढाच आधार," झाकण लागून कपाळावर आलेलं टेंगूळ चोळत आई म्हणाली.

"आई, हा मिक्सर तू काय बघून घेतलास गं?"

"दोनशे लोकांनी पाच तारे दिले होते..." आईचा हात टेंगळावरच थांबला. मग ती म्हणाली, "तिसऱ्याला दे. आणि खाली पूर्ण नाव टाक, आडनावासकट."