गळ्यापर्यंत पाणी

बारा दिवस आम्ही सतरा बायका धरणाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडून उभ्या होतो. बुडालेल्या जमिनीच्या बदली जमीन द्या, एवढंच मागणं होतं. पायांची कातडी सुटली, पण सरकारकडून कुणी फिरकलं नाही.

तेराव्या दिवशी भाऊ पेपरवाल्यांना घेऊन आले. भाऊ म्हणजे आमचे पुढारी. त्यांच्याच एका हाकेवर आम्ही पाण्यात उतरलो होतो. काठावर जयजयकार झाला. भाऊ मांडीभर पाण्यापर्यंत आले आणि चक्क फतकल मारून खाली बसले. पाणी बरोबर गळ्याला लागलं.

“इकडं या गं, माझ्यामागं बसा,” ते म्हणाले. “फोटोत सगळी सारखी बुडालेली दिसली पाहिजेत.”

मला शिसारी आली. तरी गेले, बसले. मूठ वळून त्यांच्याच नावाची घोषणाही दिली.

फोटो सगळ्या पेपरांत छापून आला. दोन दिवसांत जमिनीचा लेखी आदेश निघाला.

मिरवणुकीत द्वारकाकाकू भाऊंच्या पाया पडल्या. काकूंच्या स्वतःच्या तळव्यांना फडकी बांधलेली. उठून, भरल्या डोळ्यांनी मला म्हणाल्या, “देवमाणूस गं! पाय बघ किती मऊ आहेत.”