बसेल तो उरेल

“आत्या, हलू नकोस हं.”

“मी कुठे हलतेय? हात हलतायत मेले.”

चौकातल्या सेनापतीच्या पुतळ्याखाली, पायरीवर आत्या बसली होती. वडिलांच्या फोटोची फ्रेम तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. याच सेनापतीच्या हुकमाने याच चौकात गोळ्या झाडल्या गेल्या आणि तिचे वडील घरी परतलेच नाहीत. आता पुतळा ठेवायचा की पाडायचा, यावरून गावात दोन तट पडले होते. फोटोग्राफर भाचीने तिसरीच वाट धरली. मेलेल्यांच्या घरच्यांना पायरीवर बसवायचं, फोटो काढायचे आणि पुतळ्याएवढे मोठे करून त्याच्याभोवती उभे करायचे.

तिची तऱ्हा जगावेगळी. कॅमेऱ्याचा डोळा ती बराच वेळ उघडा ठेवायची. येणारे-जाणारे फोटोत उमटतच नसत. बूड टेकून बसेल तोच उरायचा. पुतळ्याला काय, त्याचा जन्मच त्यासाठी.

भाचीने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. सेनापती मिशांसकट स्वच्छ आला होता. आत्याही छान आली होती. पण आजोबांच्या जागी नुसता करडा फराटा.

आत्याने चष्मा लावून पाहिलं.

“पुन्हा गेले की गं बाबा.”

“फ्रेम चौथऱ्याला टेकवून ठेवूया का?”

“त्याच्या पायाशी? माझ्या जिवात जीव आहे तोवर तरी नाही.”

भाची ओशाळली. आपण काय बोलून बसलो, असं तिला झालं. आत्याने फ्रेम तिच्या हातात दिली.

“तू बस. गावाला बसवलंस आणि स्वतः कॅमेऱ्यामागे लपलीस. तुझे कोणी लागत नाहीत का ते?”

“मग बटण कोण दाबणार?”

“मी.”

बटण लांब वायरच्या टोकाला होतं. हाताची थरथर कॅमेऱ्यापर्यंत पोचण्याचं भय नव्हतं. आत्याने ते मुठीत धरलं.

भाची पायरीवर बसली. आजोबांना तिने कधी पाहिलंही नव्हतं. तरी फ्रेम छातीशी धरली आणि तिला भडभडून आलं. डोळे पुसायला तिने हात उचलला.

“राहू दे,” कॅमेऱ्यामागून आत्या म्हणाली. “डोळे वाहू देत. हात हलवू नकोस.”