दहापैकी दहा

मास्तरांनी लाल पेनाने पहिल्या उत्तरावर फुली मारली. मग दुसऱ्यावर.

"अगं, 'सिन्स' म्हणजे कधीपासून आणि 'फॉर' म्हणजे किती काळ. सोमवारपासून ताप आहे, तिथे सिन्स. तीन दिवस ताप आहे, तिथे फॉर. छत्तीस वर्षं हेच घोकून घेतलं मी. एव्हाना वर्गातल्या बाकांनाही येत असेल."

"बाकांना परीक्षा नसते, बाबा."

मुलगी नर्स होती. परदेशातल्या एका हॉस्पिटलने तिला नोकरी देऊ केली होती. अट एकच, इंग्रजीची परीक्षा. तीत ती दोनदा नापास झाली होती. इंग्रजीच्या मास्तरांची मुलगी इंग्रजीतच नापास, हे कळल्यावर शेजाऱ्यांनी आपला आनंद मोठ्या संयमाने आवरला होता. पुढच्या आठवड्यातली संधी शेवटची.

तिसरं चूक. चौथं चूक. दहाव्या उत्तरावर फुली मारून मास्तर थांबले.

शब्द दोनच. काही न येणारा डोळे मिटून लिहितो, तरी त्याची चार-पाच बरोबर येतात. छत्तीस वर्षांत अट्टल ढ पोरालाही ते टाळता आलं नव्हतं. दहाच्या दहा चुकवायला सगळं यावं लागतं.

त्यांनी मान वर केली. ती त्यांचा लुळा डावा हात मांडीवर घेऊन एकेक बोट चोळत होती. अर्धांगाचा झटका आल्यापासून रोज चोळायची. घरात दोघंच होती.

मास्तरांनी कागदाखाली मार्क लिहिले, दहापैकी दहा, आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

"अहो, सगळी चुकलीत ना?"

"केवढा अभ्यास करून चुकवलीस."

ती बोट चोळायची थांबली.

"आता मला इन्सुलिन टोचायला शिकव," ते म्हणाले. "माझं मला घेता आलं पाहिजे."

"एका हाताने नाही जमायचं, बाबा."

"तू दाखव तर."

तिने सिरिंजमध्ये पाणी भरलं, त्यांच्या मांडीवर उशी ठेवली, सुई कशी धरायची ते दाखवलं. मास्तरांनी सुई टेकवली. धरून ठेवायला दुसरा हात नव्हता, उशी निसटून खाली पडली.

तिने उचलून ठेवली. "परत करा."

परत पडली.

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. मास्तर खरोखरच चुकत होते.