जाफरभाईचा बोलका मोबाईल

“इयरफोन कुठायत, अब्बा?” समीनानं पर्स पुन्हा एकदा उलटी केली. चाव्या निघाल्या, बसचं तिकीट निघालं, इयरफोन काही निघाले नाहीत.

“घरी राहिले असतील,” जाफर म्हणाला आणि त्यानं मोबाईल समोरच्या टेबलावर ठेवून दिला.

“आवं, मग आता कसं? हा मोठ्यानं बोलतोय!”

“बोलू दे की. मुका होता तवाच लय तरास होता.”

तासगावच्या त्या शेडमध्ये बेदाण्याचे सौदे आता कधीही सुरू होणार होते. भोवती व्यापाऱ्यांचा गलका, चहाची ये-जा चालली होती. आज अब्बांना एकट्यानं सौदा जमला नाही तर दुकान मुजीबचाचांच्या हवाली करायचं, असं घरात ठरलं होतं. म्हणजे चाचांनीच ठरवलं होतं. भावाच्या दुकानावर डोळा असला की भावाची काळजी फार वाटते माणसाला.

जाफरला जन्मापासून दिसत नव्हतं. पण सौदे रुमालाखाली व्हायचे तेव्हा तो कुणाला हार गेला नाही. रुमालाखाली हातात हात घ्यायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, शेजारच्याला पत्ता लागू द्यायचा नाही. तिथं डोळे असून कुणाचं काय जास्त चालणार?

मग ॲप आलं. आता भाव मोबाईलवर टाकायचा, वाटलं तर वाढवत न्यायचा. वेळ संपेपर्यंत कुणी किती टाकला ते दुसऱ्याला दिसायचं नाही, आणि माल कुणाचा तेही कळायचं नाही. गुपित राहिलं, बोटं तेवढी गेली. जाफरनं पडद्यावर बोट ठेवलं की मोबाईल म्हणायचा, “बटण. बटण. चित्र. बटण.” कसलं बटण, कशाचं चित्र, देव जाणे. हंगामभर तो दुकानात नुसता बसून राहिला. त्याच्याकडं कुणी फिरकेना.

समीना सांगलीत ते ॲप बनवणाऱ्या कंपनीतच कामाला होती. ती साहेबांच्या हात धुऊन मागं लागली. “एका माणसासाठी एवढा खटाटोप?” असं साहेब म्हणाले तेव्हा ती चक्क भांडली. एकेका बटणाला तिनं नाव दिलं, एकेका चित्राखाली ते कशाचं आहे ते लिहिलं. खरेदीचं सगळं बोलायला लागलं तेव्हा तिनं हुश्श केलं, तर अब्बांचं नवीनच.

“सगळीच बटणं बोलाय पाहिजेत. अर्धं दुकान उघडून कोण बसतं गं?”

तीही केली बिचारीनं. मग घरी बसून शिकवलं. नुसतं बोट फिरवलं की आकडा ऐकू येतो, दोनदा टिचकी मारली की भाव जातो. जाफर पटकन शिकला.

नमुन्याचं ताट आलं. जाफरनं चार बेदाणे बोटांत चुरडले, एक तोंडात टाकला.

“बरा हाय,” तो म्हणाला.

मागच्या खुर्चीवरचा व्यापारी आप्पासो डुबल ताठ झाला. जाफरभाई ज्या मालाला नुसतं ‘बरा’ म्हणतो तोच त्याला हवा असतो, हे साऱ्या बाजाराला ठाऊक होतं. आणि जाफरची पारख कधी चुकत नाही, हेही. याच आप्पासोनं मागं चारचौघांत म्हटलं होतं, “जाफरभाई, आता निवांत घरी बसा.” आज त्यानं खुर्ची हळूच पुढं ओढली.

सौदा सुरू झाला. जाफरचं बोट पडद्यावर सरकलं आणि मोबाईलनं खणखणीत आवाजात आकडा सांगितला. मागं आप्पासोचा अंगठा हलला.

समीनानं ते पाहिलं. तिनं आवाज कमी करायला हात पुढं केला, तर अब्बांनी मनगट धरलं. बोट पुन्हा सरकलं. मोबाईलनं वरचा आकडा सांगितला. आप्पासोचा अंगठा पुन्हा हलला.

“अब्बा, ऐकतायत ते!” ती कुजबुजली. “तुमच्या वर टाकतायत!”

“ऐकू दे.”

“आवं, पण...”

“गप बस गं, बेटा. मला कामात बोललेलं चालत न्हाई.”

आकडा चढतच राहिला. या हंगामात कुठल्याच मालाला एवढा भाव लागला नव्हता. समीनाला ओरडावंसं वाटत होतं. मोबाईल उचलून फेकून द्यावासा वाटत होता. एवढं रात्रंदिवस खपून तिनं अब्बांना काय दिलं? तर सगळ्या बाजाराला त्यांच्या मनातलं सांगणारा चोंबडा! याच्यापेक्षा ‘बटण, बटण’ बरं होतं. तिचे डोळे भरून आले.

वेळ संपली. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नाव झळकलं ते आप्पासोचं.

आप्पासो उठून जाफरच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, “वाईट वाटून घेऊ नका, जाफरभाई. तुमचा मोबाईल लय ग्वाड बोलतो गड्या!” दोघंतिघं फिदीफिदी हसले.

“माझंच चुकलं, अब्बा,” समीना म्हणाली. “आता चाचांना काय सांगायचं?”

जाफरनं मोबाईल जवळ ओढला, बोट सावकाश खालच्या कोपऱ्यात नेलं आणि सौदा सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच दोनदा टिचकी मारली.

मोबाईल साऱ्या शेडला ऐकू जाईल असा बोलला, “माझी विक्री. तुमचा माल विकला गेला. खरेदीदार, आप्पासो डुबल.”