वाढवू का?

“विझव म्हणू नये गं पोरी. दिवा वाढव म्हणावं.”

माणगावच्या घरात आत्यानं हे सांगितलं तेव्हा शेवंती सात वर्षांची होती. आत्या गेली, आवाज राहिला. तेव्हापासून शेवंतीच्या तोंडी नारळ कधी फुटला नाही, वाढला. बांगडी कधी पिचली नाही, वाढली. डोंबिवलीत तिच्या इमारतीसमोरचा वाणीसुद्धा दुकान बंद करत नाही, वाढवतो.

म्हणून बुधवारी फोनवरच्या ऐश्वर्यानं गोड गळ्यानं विचारलं, “मॅडम, आमच्या हॉलिडे क्लबची तुमची फ्री मेंबरशिप आज संपतेय. वाढवू का?” तेव्हा शेवंती पदराला हात पुसत म्हणाली, “हो बाई, वाढव एकदाची.”

“थँक यू, मॅडम!” पोरीचा आनंद फोनमधून पार स्वयंपाकघरात सांडला.

तिच्या नवऱ्यानं, दौलतनं, तोंडासमोरचा पेपर खाली केला. “अगं, वाढव काय म्हणालीस? ती खरंच वाढवेल ना आता!”

“मग काय, परक्याच्या लेकीला तोंडावर ‘बंद कर’ म्हणू?”

“छे छे. जेवायलाच बोलव ना तिला. पाट मांड, रांगोळी काढ.”

क्लबनं शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून फोनची रीघ लागली. लोणावळ्याचं रिसॉर्ट, टिटवाळ्याचा फ्लॅट, पाणी शुद्ध करायचं मशीन, गुडघेदुखीचं तेल. दौलत वैतागला, पण शेवंती एकूण एक फोन पहिल्या रिंगला उचलायची. हात कणकेत असोत की साबणात. ‘हॅलो’ म्हणताना तिचा आवाज कापायचा, आणि पलीकडून “मॅडम, दोन मिनिटं आहेत का?” असं आलं की तिचा श्वास मोकळा व्हायचा. “आहेत की, बोल बाळा,” म्हणायची ती. जसा काही माहेरचाच फोन.

दौलतला हे कोडं सुटेना. सुटणार कसं? सोमवारी शेवंती एकटीच कल्याणच्या दवाखान्यात जाऊन आली होती. डाव्या काखेखाली बोराएवढी गाठ लागत होती. तिथं सुई घालून नमुना काढला. कॅन्सर आहे की नाही ते चार-पाच दिवसांत कळेल, आम्हीच फोन करू, असं सांगितलं. “कुठल्या नंबरावरून?” तिनं विचारलं होतं. “जी लाइन मोकळी असेल तिच्यावरून, काकू.” घरी आल्यावर ती यातलं अक्षर बोलली नाही.

शनिवारी फोन गप्प होता. आठ वाजले, नऊ वाजले, साडेदहा झाले. शेवंतीनं दोनदा चार्जर काढून परत लावला.

“नाही वाजायचा तो,” दौलत खुर्चीतून म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर लग्न लावून दिल्याचं समाधान होतं. “खालच्या सुदेशकडून शिकून आलो सकाळी. ओळखीचा नंबर असेल तरच वाजणार, बाकी सगळे मुके. तू मेंबरशिप वाढवलीस, मी फोन वाढवला. तुझ्या आत्याच्या भाषेत!”

तो आपल्याच विनोदावर खळखळून हसला.

“कुणी सांगितलं होतं तुम्हाला?”

एकतीस वर्षांच्या संसारात हा आवाज त्यानं ऐकला नव्हता. त्याचं हसू जागच्या जागी थिजलं. “अगं, तुझ्याच डोक्याचा ताप कमी व्हावा म्हणून…”

ती फोन घेऊन मागच्या गॅलरीत गेली. न वाजलेल्या फोनांची यादी उघडली. एकोणीस नंबर. त्यात शून्य-दोन-पाच-एकचा, कल्याण-डोंबिवलीचाच, एक लँडलाइन. दोनदा येऊन गेलेला. ओल्या बोटाखाली तो दोनदा निसटला, तिसऱ्यांदा लागला. तिनं नाव सांगितलं.

“काकू, कधीची लावतेय मी! रिपोर्ट आलाय तुमचा. कॅन्सर नाहीये. साधी चरबीची गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, सवडीनं येऊन दाखवून जा.”

“परत सांग बाळा.”

“नाहीये, काकू. कॅन्सर नाहीये.”

शेवंती पालथ्या बादलीवर बसली. खाली भंगारवाला ओरडत चालला होता. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. दोरीवरून दौलतच्या शर्टाचं पाणी तिच्या मानेवर टपटपत होतं. ते तिनं टपटपू दिलं.

दौलत दारात येऊन उभा राहिला. जरा दबकतच. “तीच ना? लोणावळ्यावाली?”

‘हो’ म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. आता सांगायची गरजही उरली नव्हती. पाच दिवस भीती तिनं एकटीनं वाहिली होती. ही सुटका मात्र एकटीच्या ओंजळीत मावेना.

“अहो, इकडे या. बसा जरा.”

“का गं? काय झालं?”

“काही नाही झालं. तेच तर सांगायचंय.”

तिनं त्याचा हात धरला आणि आपल्या डाव्या काखेखाली नेऊन ठेवला. त्याची बोटं तिथं थबकली. ती हलू नयेत म्हणून तिनं वरून आपला तळवा दाबून धरला.

“कॅन्सर नाही म्हणाले,” ती म्हणाली. “पण सोमवारपासून मी फार घाबरले होते हो. फार घाबरले होते.”