सगळ्यात चांगली प्रत

पुस्तक कुंताबाईच्या हाती आलं, तोच प्रकाशक हेमेंद्रनं ते परत मागितलं.

"द्या मावशी. हे कलकत्त्याले धाडाचं आहे."

कुंताबाईनं ते छातीशी धरलं. तांबड्या कापडाची बांधणी, त्यावर सोनेरी अक्षरांत तिचं नाव. आत तिची पोवारी बोलीतली, भाताच्या रोवणीची गाणी. चाळीस पावसाळे धानाच्या बांधीतल्या चिखलात वाकून, एकेका रोपासोबत रोवलेली. महिनाभर ही गाणी पिना मारलेल्या पातळ प्रतींतून दवनीवाड्यात फिरली होती. भाऊ बकारामनं प्रत उलटीपालटी करून म्हटलं होतं, "हे कायचं पुस्तक, बाई? चोपडी होय हे. पुस्तकाले पुठ्ठा लागते."

आज त्याच्याच घरी जेवण होतं. येताना खरं पुस्तक आणते, असं ती सांगून बसली होती.

"बाबू, हे तं माह्यासाठी बांधलं होतं ना?"

"तुमच्यासाठीच." हेमेंद्रची मान खाली गेली. "पण काल कायदा पुन्हा वाचला. पुस्तक निघालं का तीस दिवसांत एक प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाले द्या लागते. तेबी असन त्यातली सगळ्यात चांगली. उद्या तीस दिवस भरतेत."

"दुसरी बांधून धाड."

"बांधणीवाल्या ईश्वरदासकाकाची बोटं वळत नाहीत आता. ही एक बांधली, अन् सुई ठेवून देली."

कुंताबाईनं पुस्तक सोडलं नाही. "तठी पोवारी कोणाले समजते? फेकून देतीन."

"फेकता येत नाही. कायदा भाषा इचारत नाही, मावशी. मोठ्या साहेबाचं असो का तुमचं, जपून ठेवाच लागते. आपण गेल्यावरबी."

सोनेरी नावावरून तिचा खरबरीत अंगठा एकदा फिरला. मग पदरानं चारी कोपरे पुसून तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं.

"बांध. मी पाहून राहिली. कोपरा दबला नाही पायजे."

पार्सल पोस्टात देऊन ती बाहेर आली, तर बकारामचा फोन.

"कुठं आहेस, बाई? भात निवून राहिला. अन् थे पुठ्ठ्याचं पुस्तक आणून राहिली ना?"

"नाही." कुंताबाईनं पाठ सरळ केली, पात संपल्यावर बांधावर उभ्या राहून रोवणीच्या बाया करतात तशी. "थे सरकारनं मांगून घेतलं. पाहाचं असन त कलकत्त्याले जाजो."