त्सुनामीचा मथळा

“तुम्हीच मारताय माझ्या ताईला!” उपसंपादकानं रुग्णालयाच्या काउंटरवर मूठ आपटली. “वर्षानुवर्षं एकच पासवर्ड, फायलींची दुसरी प्रत नाही, आणि चोर आला की हात वर?”

ताई मागच्या बाकावर बसली होती. ऑपरेशनसाठी उपाशीपोटी आली होती. पण आठवड्यापूर्वी कुणीतरी बाहेरून रुग्णालयाचे संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली होती. तिचे स्कॅन आत अडकले होते. पोटातली गाठ कुठवर पोचलीय हे पाहिल्याशिवाय डॉक्टर सुरी लावायला तयार नव्हते.

प्रशासकीय अधिकारी मात्र थंड. त्यांनी काचेवर चिकटवलेल्या कात्रणावर बोट ठेवलं. “हे वाचा. ‘सायबर त्सुनामीचे तांडव, मानव हतबल!’ चौकशीला आलेल्या साहेबांना हेच दाखवलं. म्हणाले, निसर्गापुढे कुणाचं चालतं? मिटली चौकशी.”

उपसंपादकानं काउंटरवरची मूठ मागे घेतली. मथळा त्याचाच होता.

इंग्रजी पेपरातली या हल्ल्याची बातमी त्याच्याकडे भाषांतराला आली होती. तिच्यात हल्ल्यांची लाट होती, धोक्याचे ढग होते, वणव्यासारखा पसरणारा व्हायरस होता. गड्याचं इंग्रजी डिक्शनरीच्या कृपेनं चाललेलं, पण हौस दांडगी. इंग्रजीवाल्यांची नुसती लाट? त्यानं त्सुनामी सोडली. पासवर्ड कधी बदललाच नव्हता, हे वाक्य तळाशी होतं. तांडवाला जागा पुरेना म्हणून त्यानंच ते कापलं. चोराला तर बातमीत पाऊलही ठेवू दिलं नाही. ताईचे स्कॅन याच संगणकांत आहेत, हे डोक्यात आलंच नाही. डोक्यात तेव्हा त्सुनामी होती. संपादकांनी पाठ थोपटली आणि स्वारी दोन दिवस जमिनीला पाय लावेना.

“अहो, ती... लिहायची एक पद्धत असते,” तो पुटपुटला.

“झकास लिहिलंय,” अधिकारी म्हणाले. “कोण आहे हो हा? भेटला तर चहा पाजीन.”

ताई भिंतीला धरत उठली. काचेपाशी येऊन तिनं कात्रण वाचलं, मग भावाकडे पाहिलं.

“तुझंच ना रे हे?”

त्यानं मान खाली घातली. अधिकाऱ्यांनी ओशाळून हसायचा प्रयत्न केला.

“समुद्र खंडणी मागतो होय रे, गाढवा?” मग तिनं दोघांनाही नजरेत धरलं. “तू छापणारा, हे चिकटवणारे. समोरासमोर आहात, तर आत्ताच ठरवून सांगा. तुमचे संगणक उघडेपर्यंत माझी गाठ वाढली, तर तिला काय म्हणणार? बहर?”